रतनपूरचे हत्ती आणि मोडीतील मोगलाई

भिलाईला इतिहास नाही, असे भिलाईत राहणारेच सहजपणे म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि देशाच्या सर्व प्रांतांतून आलेल्या माणसांची, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सेक्टरांची एक नवी वसाहत उभी राहिली. तिचा जन्मदिवस सांगता येतो, म्हणून तिला भूतकाळ नाही असे वाटते. परंतु शहर नवे असले म्हणून भूमी नवी ठरत नाही. पश्चिमेस शिवनाथ आणि पूर्वेस खारून या दोन नद्यांच्या मधल्या ज्या पठारावर हा कारखाना उभा आहे, त्याच्या एका अंगाला दुर्ग आहे आणि दक्षिणेस पाटण. ही दोन्ही नावे छत्तीसगड या नावातील छत्तीस गडांच्या यादीत येतात. शिवनाथच्या उत्तरेस रतनपूरच्या अमलाखालचे अठरा आणि दक्षिणेस रायपूरच्या अमलाखालचे अठरा, अशी ती परंपरागत मोजणी. भिलाईची जमीन त्या दक्षिणेकडील अठरांतील आहे.

या भूमीचा मोगल साम्राज्याशी काय संबंध होता, हा प्रश्न विचारला की सामान्यतः दोन उत्तरे मिळतात. एक असे, की काहीही संबंध नव्हता. दिल्ली-आग्र्याच्या फौजा इथल्या अरण्यात कधी स्थिरावल्या नाहीत, इथे हैहय कलचुरी राजे स्वतंत्रपणे नांदले. दुसरे असे, की रतनपूरचा राजा बादशहाचा मांडलिक होता, तेव्हा हा मुलूख मोगल साम्राज्याचाच भाग. ही दोन्ही उत्तरे साम्राज्य म्हणजे नकाशावरील रंग अशी समजूत धरून दिलेली आहेत. सोळाव्या-सतराव्या शतकांतील साम्राज्ये, मग ती आग्र्याची असोत, इस्फाहानची असोत की इस्तंबूलची, अशी रंगवलेली नव्हती. त्यांच्या गाभ्याच्या प्रदेशात जमीन मोजली जाई, पिकाचा दर ठरे, कागद लिहिले जात. काठावर मात्र राजाची हजेरी, नजराणा आणि त्या त्या भूमीची एखादी दुर्मीळ वस्तू एवढ्यावर भागे. इस्तंबूलच्या सुलतानाने वालाकिया आणि मोल्दाविया येथील ख्रिस्ती राजांना खंडणीच्या बोलीवर गादीवर ठेवले, ते याच रीतीने. आपल्या काठावरची दुर्मीळ वस्तू होती हत्ती.

अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही हत्तीखान्याविषयी लिहिताना हत्ती कोणकोणत्या अरण्यांत सापडतात याची गणना दिलेली आहे. तीत रतनपूर, सरगुजा आणि बस्तर ही नावे आहेत. एरवी ज्या प्रांताच्या गावांची, शेतांची, पिकांची त्या महाग्रंथाला फारशी वार्ता नाही, तो प्रांत त्यात येतो तो जनावराच्या निमित्ताने. मला ही नोंद फार बोलकी वाटते. राज्यकर्त्याला भूमी कशी दिसते, हे त्याने तिच्यातून काय टिपून ठेवले यावरून कळते. काशीपासून लाहोरपर्यंतच्या जमिनीत त्याला बिघे दिसले. महानदीच्या खोऱ्यात त्याला हत्ती दिसले. (पुढे याच भूमीत इंग्रजांना साल वृक्षाची इमारती लाकडे दिसली, आणि स्वतंत्र भारताला दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज. बघणारे बदलले, बघण्याची रीत फारशी बदलली नाही.)

जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात १६१९ सालच्या हकिकतीत लिहिले आहे, की शहाजादा परवीझ अलाहाबादेहून दरबारी आला आणि त्याने रतनपूरचा जमीनदार कल्याण याला बरोबर आणले. त्याच्यावर आधी फौज पाठवावी लागली होती. नजराणा म्हणून त्याच्याकडून ८० हत्ती आणि १ लाख रुपये मिळाले. हैहयवंशाचा अभिमान बाळगणारा, स्वतःस सहस्रार्जुनाचा वंशज मानणारा राजा बादशहाच्या लेखणीत ‘जमीनदार’ होतो. हा शब्द तिथे अपमानार्थी नव्हता, साम्राज्याच्या कोशात सर्वच स्थानिक राजांना तो लावला जाई.

हाच कल्याण म्हणजे छत्तीसगडच्या लोकस्मृतीतील कल्याणसाय. देवार नावाची गाणारी जमात आहे. तिच्या गाथांत कल्याणसायाच्या दिल्लीवारीची आणि त्याच्यासोबत गेलेल्या गोपालराय ऊर्फ गोपल्ला या मल्लाच्या पराक्रमाची कथा गायिली जाते. राजाच्या सुटकेचे श्रेय लोकांनी मल्लाला दिले, मुत्सद्द्याला नव्हे. एकोणिसाव्या शतकात बिलासपूर जिल्ह्याची जमाबंदी करणाऱ्या चिशोल्म या इंग्रज अधिकाऱ्याने जी परंपरा नोंदविली, तीत राजा आठ वर्षे दिल्लीस राहिला आणि मानसन्मान घेऊन परतला असे आहे. मात्र बादशहा अकबर आहे. जुन्या वंशावळींनीही कल्याणसायाचा काळ सोळाव्या शतकाच्या मध्यावर नेऊन बसविला. जहांगीराची नोंद समकालीन आहे, तेव्हा कालनिश्चितीत तिलाच अग्रमान द्यावा लागतो. तथापि लोकस्मृतीने जहांगीराच्या जागी अकबर का बसविला, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. जिथे साम्राज्य दूरच असते, तिथे बादशहा एकच असतो, आणि तो सर्वांत मोठा असतो.

कल्याणसायाच्या काळची म्हणून समजली जाणारी एक जमाखर्चाची वही चिशोल्मला पाहावयास मिळाली होती. तिच्यावरून त्याने राजाच्या सैन्याचे जे आकडे दिले ते असे: तलवारधारी २,०००, कट्यारवाले ५,०००, बंदूकवाले ३,६००, तिरंदाज २,६०० आणि घोडेस्वार १,०००; एकूण १४,२०० माणसे, आणि ११६ हत्ती. हे आकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहेत. घोडेस्वार अवघे हजार. मोगल लष्कराचा कणा म्हणजे स्वार. मनसबदारी व्यवस्थेत ‘जात’ आणि ‘सवार’ अशी दर्जाची दोन मापे, त्यांतले दुसरे स्वारांवरूनच. रतनपूरचे सैन्य त्या जातीचेच नव्हे. ते अरण्याचे, पायदळाचे, धनुष्याचे सैन्य. त्यात बंदूकवाले मात्र साडेतीन हजारांवर आहेत. म्हणजे बादशाही अंमल जिथे पोचला नाही तिथे बादशाही काळाचे हत्यार पोचले होते. बारूद फर्मानापेक्षा वेगाने प्रवास करते.

या राज्याची अंतर्गत घडीही मोगल घडीहून वेगळी होती. चौऱ्याऐंशी गावांचा एक गड, बारा गावांचा एक बरहों आणि त्याखाली गाव. गडावर दिवाण, बरहोंवर दाऊ आणि गावात गौंटिया. चौऱ्याऐंशी आणि बारा या संख्या मोजून आलेल्या नाहीत; त्या मध्य भारतातील कुळांच्या वतनविभागणीच्या जुन्या, जवळजवळ पवित्र अशा संख्या आहेत. जमिनीची मोजणी बिघ्यांनी होत नसे. नांगर हे माप होते. चार बैलांच्या नांगराने जेवढी जमीन कसली जाईल तेवढी एक नांगर. तोडरमलाच्या काळात उत्तरेत काठीने जमीन मोजून, दहा वर्षांच्या पिकांची सरासरी काढून, रोख रकमेत धारा ठरविण्याची पद्धत रूढ झाली, त्याच काळात इथे श्रमाचे माप चालू होते. याच्याशी निगडित अशी ‘लाखाबाटा’ नावाची चाल होती: गावातील जमीन काही वर्षांनी पुन्हा वाटून घ्यावयाची, म्हणजे कन्हार मातीची चांगली शेते आणि भाठ्याची मुरमाड शेते कोणा एकाच्याच वाट्याला कायमची राहू नयेत. जिथे शेत कोणाचे हेच दर पिढीत बदलू शकते, तिथे सर्व्हे क्रमांक घालून कायम धारा बसविणारी कोणतीही यंत्रणा अडखळणारच. मोगल अडखळले असे म्हणता येत नाही, कारण ते त्या वाटेला गेलेच नाहीत. अडखळले ते पुढे मराठे, आणि त्यांच्यानंतर इंग्रज.

दरम्यान रतनपूरच्या दरबारात भाषेच्या वाटेने दुसरेच काही येत होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथील दरबारी कवी गोपाल मिश्र याने जो ग्रंथ रचला त्याचे नाव ‘खूब तमाशा’. दोन्ही शब्द फारशी वळणाचे. कवी ब्राह्मण, आश्रयदाता हैहयवंशी, आणि ग्रंथाचे शीर्षक आग्र्याच्या बाजारात शोभावे असे. तमाशा या शब्दाचा मूळ अर्थ हिंडणे, हिंडून पाहणे. तो फारशीत कौतुकाने पाहण्याजोगे दृश्य झाला, आणि आपल्याकडे ढोलकी-तुणतुण्यासह बोर्डावर उभा राहिला. एकच शब्द रतनपूरला काव्याचे नाव होतो आणि सातारा-नगरकडे लोकनाट्याचे. पुढे एकोणिसाव्या शतकात रतनपूरच्याच बाबू रेवाराम यांनी हैहयवंशाचा इतिहास लिहिला, तेव्हा त्याला ‘वंशावळी’ वा ‘चरित्र’ न म्हणता ‘तवारीख’ म्हटले. इतिहास म्हणजे तवारीख, दप्तर म्हणजे फारशी, आणि प्रतिष्ठित गद्य म्हणजे मुनशीचे गद्य, ही जाणीव साम्राज्य संपल्यावरही उरली.

आता पश्चिमेकडे वळले पाहिजे, कारण छत्तीसगडात पुढे जे घडले त्याची तयारी देवगडात आणि नागपुरात झाली.

सातपुड्यातील देवगडचे गोंड राज्य रतनपूरपेक्षा मोगलांच्या अधिक जवळ, म्हणून अधिक अडचणीत होते. अबुल फझलाने वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात तेथील जाटबा या जमीनदाराकडे २,००० स्वार, ५०,००० पायदळ आणि शंभरावर हत्ती असल्याचे लिहिले आहे. १६३७ मध्ये शाहजहानचा सरदार खानदौरान याने नागपूरच्या किल्ल्याला वेढा घातला, आणि देवगडच्या कोकिया राजाने दीड लाख रुपये आणि १७० हत्ती देऊन तो सोडवून घेतला. (नागपूर १७०२ मध्ये बख्तबुलंदाने वसविले, असे शाळेत शिकविले जाते. शहर त्याने वसविले हे खरे. राजापूर-बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाड्यांना त्याने शहराचे रूप दिले. पण नागपूर हे नाव आणि तेथील किल्ला त्याच्या आधी पासष्ट वर्षे बादशाही इतिहासात येऊन गेलेला आहे.)

बख्तबुलंद हा या संपूर्ण काळातील, माझ्या मते, सर्वांत विलक्षण पुरुष. भाऊबंदकीत गादी गेलेला हा गोंड राजपुत्र १६८६ च्या सुमारास औरंगजेबाच्या छावणीत गेला, त्याने इस्लामचा स्वीकार केला आणि बादशहाने त्याला ‘बख्तबुलंद’, म्हणजे थोर भाग्याचा, असा किताब देऊन देवगडच्या गादीवर बसविले. इथपर्यंतची कथा औरंगजेबाच्या धोरणाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते. पण ती इथे संपत नाही. काही वर्षांतच बादशहाने त्याला पदच्युत केले आणि त्याच घराण्यातील, दीनदार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या मुसलमान झालेल्या वारसास गादी दिली. बख्तबुलंद निसटला, बंडात उतरला, देवगड परत घेतले, आणि मराठ्यांशी संधान बांधून राजाराम महाराजांना आपल्या मुलखात येण्याचे निमंत्रण दिले. तेव्हा संतापलेल्या बादशहाने हुकूम सोडला, की यापुढे दप्तरात त्याचे नाव ‘निगूनबख्त’, म्हणजे पालथ्या नशिबाचा, असे लिहावे. फौजेने जे साधले नाही ते कारकुनाकरवी साधण्याचा हा प्रयत्न. नशीब मात्र पालथे झाले नाही. बख्तबुलंद राज्य करीतच राहिला, आणि आज नागपूरकर त्याला बादशहाने काढून घेतलेल्या नावानेच ओळखतात.

त्याच्या धर्मांतराचा अर्थ काय लावावयाचा? स्वार्थ होता यात संशय नाही. पण स्वार्थ एवढ्यानेच त्याच्या राज्याचे वर्णन पुरे होत नाही. नागपूरचे रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांनी १८२७ मध्ये छापलेल्या आपल्या अहवालात बख्तबुलंदाची जी आठवण टिपली आहे, ती हिंदू-मुसलमान असा भेद न करता कर्तबगार माणसे कामाला लावणाऱ्या, दूरदूरचे शेतकरी आणि कारागीर आणून गोंडवनात गावे वसविणाऱ्या राजाची आहे. दिल्लीहून त्याने धर्म आणला त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे त्याने राज्यकारभाराची एक कल्पना आणली: जंगलातून मिळणाऱ्या खंडणीवर नव्हे, तर पेरलेल्या जमिनीच्या महसुलावर राज्य उभे करता येते. आणि धर्माचे म्हणावे तर या राजघराण्याने इस्लाम पाळला, तरी बेटीव्यवहार गोंडांशीच ठेवला, आणि गोंड राजाचे जुने विधीही सोडले नाहीत. दोन जगांत एकाच वेळी पाय ठेवून उभे राहण्यात त्यांना विसंगती वाटली नसावी. ती आपल्याला वाटते.

बख्तबुलंदाचा मुलगा चांदसुलतान. त्याने नागपूरला तट बांधला, तलाव केला. त्याच्या मृत्यूनंतर १७३९ च्या सुमारास वलीशहाने गादी बळकावली, तेव्हा राणी रतनकुंवरने वऱ्हाडातील मराठा सरदार रघूजी भोसले याला मदतीस बोलाविले. रघूजीने वलीशहाला दूर केले, राणीच्या दोन्ही मुलांना, बुऱ्हाणशहा आणि अकबरशहा यांना, गादीवर बसविले, मोबदला घेऊन परत गेला, आणि भावाभावांत तंटा लागताच १७४३ मध्ये पुन्हा आला तो कायमचा. पण बुऱ्हाणशहाला त्याने मारले नाही, हाकललेही नाही. राजा हा किताब, नेमणूक आणि नागपुरातील वाडा त्याच्याकडे राहू दिला. भोसल्यांच्या गादीवर बसण्याच्या प्रसंगी टिळा लावण्याचा मान गोंड राजाचा राहिला, आणि हे घराणे पुढे ‘संस्थानिक’ म्हणून ओळखले गेले. म्हणजे क्षत्रियकुलावतंस शिवछत्रपतींच्या वंशातील सातारकर शाहूंनी दिलेल्या सनदेवर राज्य करणारे नागपूरचे मराठे घराणे, आपल्या स्थानिक अधिकाराची मोहोर एका मुसलमान गोंड राजाकडून उमटवून घेत होते. आणि त्या शाहूंकडे तरी चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा कोठून आल्या? १७१९ मध्ये दिल्लीहून. अठराव्या शतकातील राजसत्ता समजून घ्यावयाची तर ही साखळी कोठेही न तोडता पाहिली पाहिजे.

रघूजीचा किताबच पाहावा: सेनासाहेबसुभा. पहिला शब्द संस्कृत, पुढचे दोन्ही अरबी.

१७४१ मध्ये रघूजीचा दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालच्या वाटेवर छत्तीसगडात उतरला. त्याचा पहिला तळ दुर्गला पडला. तेथील प्राचीन मातीचा किल्ला त्याने मोहिमेचे ठाणे केले आणि शेजारच्या उंचवट्यावर, जिथून भोवतालचा सपाट मुलूख दूरवर दिसतो, खंदक खणून छावणी केली. आज ज्याला दुर्ग-भिलाई असे जोडनाव आहे, त्या जागेचा मराठीशी पहिला मोठा संबंध हा असा आला. रतनपूरचा राजा रघुनाथसिंह वृद्ध होता, पुत्रशोकात बुडालेला होता. त्याने प्रतिकार केला नाही. तोफांनी वाड्याचा एक भाग पडला, तेव्हा राणीवशातून पांढरे निशाण चढले, असे सांगतात. एक लाख रुपये दंड घेऊन भास्करराम पुढे गेला. जहांगीराच्या आत्मवृत्तातही रुपयांचा आकडा हाच आहे. हत्तींचा तेवढा गळला.

१७५८ मध्ये रघूजीचा मुलगा बिंबाजी रतनपूरला येऊन राहिला आणि १७८७ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. भोसल्यांपैकी छत्तीसगडला आपले घर मानणारा तो एकटाच. रतनपूरच्या टेकडीवरील राममंदिर त्याचे. दसऱ्याला सोने लुटण्याची आपली चाल तिकडे त्याने नेली असे सांगितले जाते. रायपूरच्या कलचुरी शाखेतील शिवराजसिंहाला त्याने राज्याऐवजी बडगाव धरून पाच गावे आणि रायपूरच्या प्रत्येक गावामागे एक रुपया एवढे उत्पन्न तोडून दिले. पराभूत राजाची ही सोयदेखील नागपूरच्या गोंड राजाला दिलेल्या सोयीच्याच वळणाची. छत्तीसगडच्या इतिहासग्रंथांत बिंबाजीविषयी आणखी एक नोंद नेहमी आढळते, ती अशी की मराठी भाषा, मोडी लिपी आणि उर्दू यांचा कारभारात प्रवेश त्याने घडविला.

तिन्हींचा उल्लेख एका दमात येतो, हे मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. कारण महाराष्ट्रात आपण मोडी आणि फारशी यांना दोन विरुद्ध बाजूंना उभे करतो. त्याला आधारही आहे. राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी पेशव्याला प्रधान, मुजुमदाराला अमात्य आणि सुरनिसाला सचिव म्हटले. दप्तरातील फारशी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ त्यांच्याच आज्ञेने तयार झाला. वि. का. राजवाड्यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या तीन वर्षांतील लेखांचे शब्द मोजून दाखविले, की मराठी लेखनातील फारशीचे प्रमाण शेकडा पंच्याऐंशीच्या घरातून शेकडा सदतीसवर आणि मग शेकडा सहा-सातवर आले. ही मोजणी प्रसिद्ध आहे आणि तिच्यातून भाषेच्या मुक्तीची एक रेखीव कथा सांगितली जाते. परंतु शब्दांची मोजणी सर्व शब्दांना सारखे वजन देते. ‘आणि’, ‘होता’, ‘आला’, ‘घर’ हे शब्द मराठी झाले, म्हणून कर घेणारा शब्द मराठी झाला असे नाही. जमाबंदी, वसूल, बाकी, साल, मौजे, परगणा, सनद, हुकूम, जप्ती, दप्तर, हे शब्द पेशवाईच्या अखेरपर्यंत हलले नाहीत. ते आजही तलाठ्याच्या कागदावर आहेत. अष्टप्रधानांची नावे बदलली, परंतु पेशवा हा शब्दच पुढे जिंकला, हे तर सर्वांना ठाऊक आहे.

याचे कारण द्वेषात वा प्रेमात शोधू नये. दक्षिणेत बहमनी, निजामशाही, आदिलशाही या सत्तांच्या तीन शतकांत महसुलाचे तंत्र आणि त्याचे शब्द एकत्र वाढले होते. इब्राहिम आदिलशहा पहिला याने सोळाव्या शतकात हिशेबाचे दप्तर फारशीतून काढून देशी भाषेत आणले आणि ब्राह्मण कारकुनांच्या हाती सोपविले; मलिक अंबरने अहमदनगरच्या उरल्यासुरल्या राज्यात जमाबंदीची जी घडी बसविली तिचे नाव १६२६ मध्ये तो गेल्यानंतरही दोनशे वर्षे शेतकऱ्यांच्या तोंडी राहिले. अशा रीतीने मराठी कारकून हा सुलतानी राज्यव्यवस्थेचा परका साक्षीदार नव्हता. तो तिचा निम्मा कर्ता होता. हबशी वजीर, इराणी दबीर आणि देशस्थ कुळकर्णी यांनी मिळून ती उभारली. शिवशाहीने तिला वेगळा हेतू दिला, पुष्कळ ठिकाणी अधिक न्यायी केले. साधने मात्र तीच राहिली.

म्हणून बिंबाजीबरोबर जे कारकून नागपूरहून रतनपूरला गेले, त्यांनी झोळीत काय नेले हे पाहिले म्हणजे चित्र स्पष्ट होते. १७८७ नंतर व्यंकोजी भोसल्याने छत्तीसगडचा कारभार नागपुरात बसून सुभ्यामार्फत चालविण्याचे ठरविले. महिपतराव दिनकर हा पहिला सुभा. १७९० मध्ये विठ्ठल दिनकर याने छत्तीस गडांची जुनी घडी मोडून २७ परगणे केले. परगण्यावर कमाविसदार, त्याच्या हाताखाली फडणवीस आणि बरारपांडे. सुभा हा शब्द अरबी; परगणा फारशी; कमावीस हा शब्द ‘कम-ओ-बेश’ म्हणजे कमीअधिक यावरून आला असे सांगितले जाते; फडणवीस या शब्दाच्या पूर्वार्धाविषयी फर्द की फड असा वाद असला, तरी ‘नवीस’ हे फारशीच. अकबराच्या काळी ज्या खेड्यांपर्यंत परगणा हा शब्द कधी पोचला नव्हता, तिथे तो अखेर पोचला, दोनशे वर्षांनी, आणि मोडी अक्षरांत. छत्तीसगडाच्या शेतकऱ्याला मोगलाई भेटली ती मराठीतून. दिल्लीच्या बादशहाची सत्ता तोवर लाल किल्ल्याबाहेर फारशी उरलेली नव्हती.

आपल्या बोलीत ‘मोगलाई’ म्हणजे अंदाधुंदी, कोणी विचारणारा नसणे. छत्तीसगडात मात्र घडले ते नेमके उलट: विचारणारा आला. पूर्वी गौंटिया दाऊला देई, दाऊ दिवाणाला, दिवाण राजाला. प्रत्येक पायरीवर नाते होते, सूट होती, अरेरावीही होती. आता परगण्याच्या ठिकाणी कागद होता आणि कागदावर बाकी होती. सुभ्याची जागाच जो अधिक रक्कम कबूल करील त्याला मिळू लागल्यावर ती रक्कम खालून भरून काढणे ओघाने आले. इंग्रजांनी या काळाचे केलेले काळेकुट्ट वर्णन त्यांच्या सोयीचे होते, ते जसेच्या तसे घेण्याचे कारण नाही. पण आपण मराठीभाषकांनी ते पूर्णपणे झटकून टाकणेही बरे नव्हे. लाखाबाट्याची चाल टिकून राहिली ती काही अंशी याच दडपणामुळे असावी असे मला वाटते: मागणी सर्व गावावर एकत्र असेल तर जमीनही एकत्र वाटून घेणे हाच गावाचा बचाव ठरतो. याच दशकांत, १७५६ मध्ये जन्मलेले गुरू घासीदास गिरोदपुरीच्या परिसरात वाढत होते. जातीची उतरंड आणि मूर्तिपूजा नाकारून त्यांनी सतनामाचा उपदेश केला. त्यांच्या पंथाची मुळे सर्वस्वी महसुलात शोधणे हा उथळपणा होईल. परंतु जुन्या गडाची चौकट मोडून परगण्याची चौकट बसत होती, तेव्हाच या भूमीत माणसे वेगळ्या आधाराने एकत्र येत होती, हा कालसंयोग दुर्लक्षिता येत नाही.

१७९५ मध्ये कॅप्टन ब्लंट आणि १७९९ मध्ये कोलब्रुक या मुलखातून गेले. तोवर रतनपूर ओसरत होते, रायपूर वाढत होते. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षक अॅग्न्यू याने कारभाराचे ठाणेच रायपूरला नेले. परगण्यांची संख्या त्याने पुष्कळ घटविली, पण परगणा हा शब्द ठेवला. कमाविसदारही ठेवला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तेव्हा ‘खालसा’ हाही शब्द बादशाही दप्तरातलाच होता.

ज्या मराठी घराण्यांनी हे दप्तर वाहिले त्यांतील अनेक रायपूर, दुर्ग, बिलासपूर, रतनपूर येथे स्थायिक झाली. त्यांच्या घरची भाषा मराठी राहिली, बाहेरची छत्तीसगडी आणि हिंदी झाली. १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे, पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच मध्य प्रांतातील द्विभाषिक मराठी जगातले. नागपूर-हावडा लोहमार्ग झाल्यावर दुसरी लाट आली, आणि १९५५ नंतर पोलाद कारखान्याबरोबर तिसरी. तिसऱ्या लाटेतील माणसांना पहिल्या लाटेची आठवण नसणे स्वाभाविक होते. ती नोकरीसाठी आली होती, राज्य करण्यासाठी नव्हे.

कारखान्यासाठी जी गावे गेली, त्यांच्या जमिनी संपादनाच्या कागदांवर उतरल्या त्या मौजे, तहसील, जिल्हा याच क्रमाने. गौंटियाच्या नांगराचे माप तोवर एकरांत रूपांतरित होऊन गेले होते. मौजे हा शब्द अरबी, तहसील अरबी, जिल्हा अरबी, लिपी नागरी. दुर्गच्या उंचवट्यावर भास्कररामाने खंदक खणला त्यास तेव्हा दोनशे चौदा वर्षे झाली होती.